नाव कसं घेऊ

“आवाज तिचाच आहे का, एवढं सांगायचं. बाकी काही नाही,” फौजदार म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

माझ्या बायकोला, शालनला जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. तेराव्याला काढलेले माझे केस नुकते टोचायला लागले होते. ठाण्याच्या मागच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. फौजदार, मी आणि माझा थोरला भाऊ. त्याचं नाव कृष्णात, पण मी त्याला आण्णा म्हणायचो. घरातला वडीलधारा म्हणून तो सोबत आला होता. तेव्हा माझं सगळं त्याच्याच हाताला धरून चाललं होतं.

आधी खरखर ऐकू आली. मग एक पुरुष बोलला.

“पोलीस कंट्रोल. बोला.”

“साहेब, लवकर गाडी पाठवा. माझं डोस्कं फोडलंय.”

“कुठून बोलताय?”

“आरळेवाडीतनं. कॅनॉलच्या खालचा मळा.”

“कोणी फोडलं? मळा कोणाचा? नाव सांगा बाई, नाव.”

मग नुसता श्वास. धापा टाकल्यासारखा. मी टेबलाची कड धरली.

“नाव कसं घेऊ ओ मी.”

“अहो बाई, नाव नाही सांगितलं तर गाडी पाठवू कुठं? हॅलो?”

काहीतरी पडल्याचा आवाज झाला. त्यानंतर फोन नऊ सेकंद चालू होता. त्यात कंट्रोलचा माणूस हॅलो हॅलो करतोय आणि मागं आमची म्हैस ओरडतेय, एवढंच.

“तिचाच आवाज,” मी म्हणालो.

“आणि हे नाव कसं घेऊ म्हणजे काय? माझ्या तर डोक्यात शिरेना. जीव जातोय आणि बाई नाव सांगत नाही?” फौजदारांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत आण्णा बोलला. “साहेब, आमच्यात बायका मालकाचं नाव घेत नाहीत. त्यांनी विचारलं मळा कोणाचा. मळा ह्या आंद्याच्या नावावर. मग ती कशी सांगणार?”

“मरतानाही?”

“तुम्ही शालनला बघितलं नव्हतं साहेब. लई जुन्या वळणाची.”

फौजदारांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ते खरंच होतं. बावीस वर्षांच्या संसारात शालननं माझं नाव घेतलं नव्हतं. बँकेत मालकाचं नाव विचारलं की ती पासबुक पुढं करायची. दवाखान्यात केसपेपर काढताना शेजारच्या बाईला सांगायची, तुम्हीच सांगा ओ यांचं नाव. मी थट्टा करायचो. एकदा तिला म्हणालो, “मी हरवलो तर काय करशील? कुणाला शोधा म्हणून सांगशील?” तर म्हणाली, “तुम्ही कशाला हरवताय. शेडमधनं घरी, घरातनं शेडमध्ये. रेडासुद्धा वाट सांगंल.”

फौजदारांनी लिहून घेतलं.

आमच्याकडं मळ्यातल्या घरांना नंबर नसतो. माणसाच्या नावावरून मळा, आणि मळ्यावरून घर. कॅनॉलच्या खाली तसे तीन मळे आहेत. पोलिसांची गाडी त्या दिवशी आधी दुसऱ्याच मळ्यात गेली, तिथून तिसऱ्यात, आणि आमच्या सोप्यात पोचली तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं की त्यातली निम्मी मिनिटं ती जिवंत असावी.

पकडलं होतं सिद्रामला. जत तालुक्यातल्या सीमेवरच्या गावचा माणूस. तीन हंगाम तो आमच्या द्राक्षबागेत कामाला होता. छाटणी असो की घडांची विरळणी, हात चांगला होता त्याचा. दारू प्यायचा. त्या दिवशी दुपारी तो पिऊन आला म्हणून शालननं त्याला हाकलून दिलं होतं, हे वस्तीवरच्या दोघांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी तो त्याच्या गावी सापडला आणि त्याच्या पिशवीत शालनचा मोबाईल सापडला. तो म्हणाला, कॅनॉलच्या काठाला पडलेला मिळाला. त्यावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नाही. निदान पहिले काही दिवस नाही.

मी स्वतः त्या वेळी गावाच्या रस्त्याला माझ्या बेदाण्याच्या शेडवर होतो. चार वाजता आण्णा मोटरसायकलवर आला. “आंदा, घरी चल,” एवढंच म्हणाला. त्याचे केस ओले होते. अंगात धुतलेला सदरा होता. पुढं पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की बागेत फवारा मारला होता, म्हणून अंघोळ केली. औषध मारल्यावर आमच्यात सगळेच अंघोळ करतात. पोलिसांनी तेही लिहून घेतलं. मी तिथं शेजारीच उभा होतो. घडांना कात्री लागली की त्या बागेत कोणी फवारा मारत नाही, आणि आण्णाच्या बागेत तर चार दिवस माल काढायचं चाललं होतं. हे मला ठाऊक होतं. फौजदार शहरातले होते. त्यांना कुठून ठाऊक असणार.

केस उभी राहिली ती पुढं पावणेदोन वर्षांनी.

साक्षीच्या दिवशी सकाळी सरकारी वकील कुडचेसाहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. जाड चष्म्याचा, घाईत असलेला माणूस. एका हातात फाईल, दुसऱ्या हातात वडापाव.

“खरमाटे, सगळी केस आता तुमच्या एका वाक्यावर येऊन बसलीय,” ते म्हणाले. “ती इनामदार नावाची वकीलबाई आहे ना आरोपीची, ती काय म्हणणार ते ऐका. शालनबाई सिद्रामला तीन वर्षं ओळखत होत्या. त्यानं मारलं असतं तर सरळ सिद्राम म्हणाल्या असत्या. त्याचं नाव घ्यायला त्यांना कसली अडचण? म्हणजे मारणारा सिद्राम नव्हता. आलं लक्षात?”

“आलं.”

“आणि आपण काय म्हणणार? कंट्रोलवाल्यानं एका दमात दोन गोष्टी विचारल्या. कोणी फोडलं आणि मळा कोणाचा. त्या मळ्याचं उत्तर देत होत्या. तुमचं नाव घ्यायचं नव्हतं. बास. तुम्ही एवढं ठाम सांगा, की नाव न घेण्याची रीत फक्त नवऱ्यापुरती. डळमळलात तर तो सुटला म्हणून समजा.”

“आणि ठाम सांगितलं तर?”

“जन्मठेप.” त्यांनी वडापावचा शेवटचा घास तोंडात टाकला. “का हो? तुम्हाला काही शंका आहे का?”

मी नाही म्हणालो.

बाहेर व्हरांड्यात सिद्रामची बायको बसली होती. लगमव्वा तिचं नाव. हंगामात तीही आमच्याकडं घड वेचायला यायची. शालन तिला जुनी लुगडी द्यायची. तिनं मला बघितलं आणि उठून उभी राहिली. पदर सारखा केला.

“मालक, जेवला का?”

मला वाटलं होतं ती शिव्या देईल. मी म्हणालो, “हां.”

“अक्का लई चांगली होती,” ती म्हणाली. तिचं मराठी मोडकंच होतं. “आमचा माणूस दारू पितो, खरंय. पण अक्काच्या अंगाला हात नाही लावायचा. तुमी खरं तेवढं सांगा.”

आण्णा मागून आला. “आंदा, आत बोलावलंय,” म्हणाला आणि तिच्याकडं न बघता पुढं गेला.

कोर्टात तो शेवटच्या बाकावर बसला. मला पिंजऱ्यातून तो सरळ दिसत होता. सिद्राम दुसऱ्या बाजूला दोन पोलिसांच्या मध्ये होता. वाळला होता. माझ्याकडंच बघत होता.

कुडचेसाहेबांचं लवकर आटपलं. मग इनामदारबाई उठल्या. तिशीच्या असतील. आवाज बारीक होता, पण शब्द तुटक नव्हते.

“खरमाटे, आपल्या पत्नी आपल्याला कशी हाक मारायच्या?”

“अहो म्हणायची. नाहीतर ऐकलं का म्हणायची.”

“नाव कधीच घेतलं नाही?”

“लग्नात उखाण्यात घेतलं. त्यानंतर नाही.”

“बरं. ही रीत त्या कुठून शिकल्या?”

“आमच्या आईनं लावली. आई कडक होती.”

“म्हणजे सासूबाईंनी लावली. मग सासऱ्यांचं नाव त्या घ्यायच्या?”

“वडील आमच्या लग्नाआधीच गेले.”

“आपल्याला मोठे भाऊ आहेत.”

“आहेत.”

“ते इथं आहेत का आज?”

“आहेत.” मी त्याच्याकडं बघितलं नाही.

“त्यांचं नाव काय?”

“कृष्णात.”

“आपल्या पत्नी आपल्या मोठ्या भावाचं नाव घ्यायच्या का?”

आमच्या आईनं शालनला लग्नाच्या पाचव्या दिवशी सांगितलं होतं, थोरल्या दिराचं नाव तोंडात आणायचं नाही. तेव्हापासून आण्णा तिच्यासाठी थोरले. थोरले आले, थोरल्यांना चहा दिला. एवढंच नाही, आमच्या भागातनं वाहणाऱ्या नदीचंही नाव ती घेत नव्हती, कारण आण्णाच्या नावात तेच नाव येतं. ती नुसतं मोठी नदी म्हणायची. संगमावर अस्थी सोडायला गेलो तेव्हा भटजींनी नदीचं नाव घेतलं आणि मला वाटलं, आता शालन कसनुशी होऊन खाली बघेल.

आणि शेवटच्या दिवशी दुपारी मी जेवायला घरी गेलो तेव्हा भाकरी वाढताना ती हसत म्हणाली होती, “आज थोरले लई तापलेत. त्यांची पाळी नवाला संपली, मी मोटर बंद केली. त्यांच्या दोन सऱ्या राहिल्या म्हणून अंगणात येऊन नाचून गेले.”

“तू कशाला बंद केलीस? अर्धा तास दिला असतास.”

“रोजच अर्धा तास द्यायचा? आपली बाग काय तुमच्या अश्रूंवर जगायची का?”

मी हसलो. भाकरी खाल्ली. शेडवर गेलो. विहीर आमच्या दोघांची सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि त्यावरून आठवड्याला एकदा तरी आवाज व्हायचा. त्यात नवीन काही नव्हतं. हे मी पोलिसांना सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं.

आता कोणीतरी विचारत होतं.

“खरमाटे,” न्यायाधीश म्हणाले, “प्रश्न कळला का?”

“कळला साहेब.”

मी आण्णाकडं बघितलं. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि आण्णा एकोणीसचा. त्यानं कॉलेज सोडलं. माझ्या लग्नात वरातीपुढं तो नाचला होता. आता तो बाकाच्या पाठीला टेकून बसला होता आणि त्याचे हात मांडीवर होते. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो नको म्हणत नव्हता आणि सांगही म्हणत नव्हता.

“घ्यायची,” मी म्हणालो.

इनामदारबाईंनी कागदावरून मान वर केली. “नाव घ्यायच्या? मोठ्या दिरांचं?”

“हो.”

“काय म्हणायच्या?”

“कृष्णात भावजी म्हणायची.”

“सगळ्यांसमोर?”

“हो. सगळ्यांसमोर.”

“म्हणजे नाव न घेण्याची रीत फक्त आपल्यापुरती होती?”

“फक्त माझ्यापुरती.”

“आपण शपथेवर आहात, खरमाटे.”

“आहे.”

त्या खाली बसल्या. टाइप करणाऱ्यानं माझं वाक्य कागदावर उतरवलं आणि मला वाचून दाखवलं. मी सही केली. शालनच्या तोंडून मी आयुष्यात कधी न ऐकलेले दोन शब्द त्या कागदावर होते, आणि खाली माझं नाव होतं.

जेवणाची सुट्टी झाली. मी व्हरांड्यात आलो तेव्हा सिद्रामला बाहेर आणत होते. दोन्ही हात दोरीला. हवालदार तंबाखू मळायला थांबला, म्हणून तोही माझ्यासमोर थांबला.

“मालक,” तो म्हणाला.

मी त्याच्या हाताच्या दोरीकडं बघितलं.

“वकीलबाईंना मीच सांगितलं होतं, तेवढं विचारा म्हणून. त्या म्हणत होत्या, नको, धोका आहे. नवरा काय सांगंल काय नेम. मी म्हटलं, विचारा. तीन वर्षं त्या घरचा चहा पिलोय. अक्का थोरले म्हणायच्या, मला ठावं हाय. मालकांनाबी ठावं हाय. मालक खोटं बोलायचे नाहीत.”

तो रागानं बोलला नाही. एखाद्याला वाट विचारावी आणि त्यानं चुकीची सांगावी, तसं काहीतरी तोंडावर होतं. हवालदारानं दोरी ओढली. लगमव्वा त्याच्यामागं जिन्यापर्यंत गेली आणि तिथंच पायरीवर बसली. तिनं वळून माझ्याकडं बघितलं नाही.

परत येताना आण्णा जीप चालवत होता. मी शेजारी. मोठा पूल ओलांडला की एक चहाचं दुकान आहे, तिथं त्यानं गाडी थांबवली. दोन चहा मागवले. भज्यांची प्लेट घेतली. माझ्याकडं सरकवली.

मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता तो बोलेल. “आंदा, मी नव्हतो रे,” एवढं म्हणेल. किंवा रागावेल. “तुला माझ्यावर संशय होता म्हणून खोटं बोललास का?” असं विचारेल. ज्यानं काही केलेलं नाही तो एवढं तरी विचारेल, असं मला वाटत होतं. आणि ज्यानं केलंय तो काय करेल, ते मला माहीत नव्हतं.

त्यानं चहा संपवला. कप ठेवला.

“मनाला लावून घेऊ नको,” तो म्हणाला. “तुझं नाव घेत नव्हती, हे तर खरंच आहे की. त्या नावापायीच गेली बिचारी. गाडी वेळेत आली असती.”

“हां,” मी म्हणालो.

“भजी खा. सकाळपासून उपाशी आहेस.”

मी खाल्ली.

सिद्रामला जन्मठेप झाली. वर अपील झालं, तिथंही तीच कायम राहिली. निकालात माझी साक्ष जशीच्या तशी होती. पतीची साक्ष विश्वासार्ह आहे, असं त्यात लिहिलेलं कुडचेसाहेबांनी मला दाखवलं. लगमव्वानं त्यानंतर दोन हंगाम दुसऱ्याच्या बागेत काम केलं. मग ती दिसली नाही. मी बाग काढून टाकली. विहिरीवर आता पाळ्या नाहीत. मला पाणी लागतच नाही.

अशी अकरा वर्षं गेली. आण्णा आणि मी एकाच बांधावर राहिलो. सणाला त्याच्याकडं जेवलो. त्याच्या सुनेच्या ओटीभरणाला मी नारळ घेऊन गेलो. त्यानं विषय काढला नाही आणि मीही नाही.

मग त्याला पोटाचा आजार झाला. दवाखान्यातून घरी आणलं, आता काही उपयोग नाही म्हणून. एका दुपारी त्याची सून म्हणाली, “काका, जरा बसता का त्यांच्याजवळ, मी धुणं आणते.” मी बसलो. त्याचा हात इतका हलका झाला होता की मला तो माझ्या हातात आहे की नाही ते कळेना. खोलीत आम्ही दोघंच होतो. मला कळलं की पुन्हा असं होणार नाही.

“आण्णा.”

त्यानं डोळे उघडले.

“कंट्रोलच्या माणसानं विचारलं तेव्हा ती कुणाचं नाव घेत नव्हती?”

तो माझ्याकडं बघत राहिला. नजर स्वच्छ होती. त्याला नीट ऐकू आलं होतं आणि मी काय विचारतोय तेही समजलं होतं. मी त्याचा हात सोडला नाही. तो हो म्हणाला असता तरी मी सोडला नसता. नाही म्हणाला असता तर त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

“ते तू कोर्टात सांगितलंस की,” तो म्हणाला. “आता मला काय विचारतोस?”

आणि त्यानं तोंड भिंतीकडं केलं.